भांडखोर निमो आणि इतवाऱ्यातला समुद्र



मागच्या अंकातल्या गच्चीवरच्या बागेच्या लेखानंतर बरेच निरोप आले. गंमत म्हणजे त्यातल्या तिघांनी बागेबद्दल चकार शब्द काढला नाही. तिघांचा प्रश्न एकच होता, "काका, तुमच्या घरी निमो आहे म्हणतात. आम्हालाही आणायचाय. जमेल का?" एक जण इंदूरला नोकरीला, एक पुण्यात, आणि एक आपल्याच लालबागेतला. तिघंही तिशीच्या आतबाहेरचे. तेव्हा या वेळचं सदर त्या नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांच्या माशासाठी.

इतवाऱ्यात आमच्या घरी गेली सहा वर्षं खाऱ्या पाण्याची टाकी आहे. "तापी एवढी जवळ असताना घरात समुद्र कशाला?" असं शेजारी अजूनही विचारतात. मुंबई इथून रेल्वेने सुमारे पाचशे किलोमीटर. तरीही समुद्रातला मासा इथे नीट जगतो, अंडी घालतो, हे मी रोज बघतो. त्यासाठी पाणी सांभाळावं लागतं, आणि त्याहून आधी माशाचा स्वभाव ओळखावा लागतो. बहुतेक लोक पाण्यावर खर्च करतात आणि स्वभावाचा विचारच करत नाहीत. म्हणून आधी स्वभावाचं बोलू.

बांधावरचं भांडण

निमो म्हणजे क्लाऊनफिश. २००३ साली 'फाइंडिंग निमो' आला आणि आपल्याकडच्या मुलांनाही हा मासा नावाने माहीत झाला. क्लाऊनफिशच्या सुमारे तीस जाती आहेत. सिनेमातल्यासारखा दिसणारा तो ऑसेलारिस, जेमतेम आठ-नऊ सेंटिमीटर वाढणारा. दुकानात त्याच्या टाकीवर 'सेमी-अ‍ॅग्रेसिव्ह' अशी चिठ्ठी असते. आपण मध्यम भांडखोर म्हणू. आपल्या बोटाएवढा मासा काय भांडणार, असं वाटून लोक ती चिठ्ठी वाचून सोडून देतात.

हा मासा दुसऱ्याची शिकार करायला जात नाही. तो भांडतो ते जागेसाठी. समुद्रात त्याचं घर म्हणजे सी-अ‍ॅनिमोन, ज्याला मराठीत समुद्रफूल म्हणतात. दिसायला फूल, पण तो प्राणी आहे आणि त्याच्या बोटांसारख्या सोंडांना डंख असतो. इतर मासे जवळ गेले की भाजल्यासारखे होतात. क्लाऊनफिशच्या अंगावरच्या बुळबुळीत थरामुळे तो त्यात सुखरूप राहतो. हा मासा पोहण्यात तसा कच्चाच. समुद्रफुलाबाहेर फार लांब गेला की कुणाच्या तरी तोंडी पडणार. म्हणजे जागा गेली की जीव गेला. आपल्याकडे बांध वीतभर सरकला तरी भावाभावांत कोर्टकचेऱ्या होतात. इथे तर प्रश्न जगण्याचाच आहे.

घरच्या टाकीत समुद्रफूल नसलं तरी चालतं. त्याला फार तेज उजेड आणि मुरलेली टाकी लागते, नवख्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. आमच्याकडच्या जोडीने एका मातीच्या कुंडीलाच घर मानलंय. मी काच पुसायला हात घातला की मोठी मादी थेट मनगटावर येऊन चावते. लागत नाही, पण दचकायला होतं. पाहुण्यांची मुलं हसतात. मला मात्र तिच्या हिमतीचं कौतुक वाटतं, कारण माझा हात तिच्या कितीतरी पट मोठा आहे.

सगळ्या क्लाऊनफिशचा स्वभाव सारखा नसतो, हेही लक्षात ठेवा. ऑसेलारिस आणि त्याचा भाऊ शोभावा असा पर्क्युला, हे त्यातल्या त्यात शांत. टोमॅटो क्लाऊन तापट. मरून क्लाऊन सगळ्यांत तापट, आणि त्याची मादी पंधरा सेंटिमीटरच्या पुढे जाते. दुकानात तीन सेंटिमीटरचं पिल्लू बघून चार वर्षांनंतरचा मासा डोळ्यांसमोर येत नाही. तो आणायला हवा.

घरातली उतरंड

क्लाऊनफिशच्या कुटुंबाची रीत ऐकून आमची आई म्हणाली, "म्हणजे सत्ता बाईची." तसंच आहे. एका समुद्रफुलात राहणाऱ्या गटात सर्वांत मोठा मासा मादी असतो. दुसऱ्या नंबरचा तिचा नर. बाकीचे लहान मासे आपापल्या पायरीवर थांबलेले. मादी मेली तर तिचा नर काही काळात मादी होतो, आणि तिसऱ्या नंबरचा वाढून नर होतो. सिनेमाच्या सुरुवातीला निमोची आई जाते. खरोखरीच्या समुद्रात पुढे निमोचा बाप त्याची आई झाला असता! मुलांना हे सांगून बघा, त्यांना सिनेमापेक्षा जास्त मजा येते.

२००३ मध्येच पीटर बस्टन या शास्त्रज्ञाने पापुआ न्यू गिनीच्या समुद्रातल्या पर्क्युला माशांवरचं संशोधन प्रसिद्ध केलं. प्रत्येक मासा आपल्या वरच्या पायरीवरच्या माशापेक्षा ठरावीक अंतराने लहानच राहतो, आपली वाढ तेवढीच ठेवतो, असं त्यात दिसलं. बरोबरीला आला तर वरचा त्याला हाकलून देणार, आणि हाकलला की मरण. शिवाय हे मासे जबडा आपटून टकटक आवाज काढतात आणि एकमेकांना दम देतात. हरलेला मासा अंग तिरकं करून थरथरतो. आमच्या टाकीत हे रोज दिसतं. नवीन माणसाला वाटतं की माशाला आकडी आली. प्रत्यक्षात तो म्हणत असतो, "बाई, तुमचंच खरं."

ही उतरंड बसलेली असली की टाकीत शांतता असते. ती बिघडवतो तो माणूस, जास्तीचा मासा आणून.

खंडव्याचा तिसरा मासा

गेल्या पावसाळ्यात खंडव्याच्या एका परिचितांचा रात्री फोन आला. साठ लिटरच्या टाकीत त्यांच्याकडे दोन ऑसेलारिस वर्षभर सुखात होते. एका दुकानदाराने सांगितलं, "तीन असले की उठून दिसतात." म्हणून तिसरा आणला. चौथ्या दिवशी तो पाण्याच्या पृष्ठभागापाशी कोपऱ्यात उभा, शेपटी अर्धी झडलेली, कल्ले जोरात हलतायत. घरात दहा वर्षांची मुलगी. तिने तिन्ही माशांना नावं ठेवलेली. ती रडत विचारत होती, "मोठी वाईट आहे. तिला दुकानात परत देऊन टाकायची का?"

मी त्यांना आधी एकच करायला सांगितलं: छोट्या भोकांचा प्लॅस्टिकचा डबा टाकीतच अडकवा आणि जखमी मासा त्यात ठेवा. पाणी तेच राहतं, मार थांबतो. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याची वेगळ्या छोट्या टाकीत सोय केली. दोन दिवस त्याने खाल्लं नाही. तिसऱ्या दिवशी एक दाणा घेतला. महिन्याभरात शेपटीची कड पुन्हा भरत आली. आता तो एकटाच राहतो आणि मजेत आहे.

त्या मुलीशी मी फोनवर बोललो. म्हटलं, बाळा, तुझ्या खोलीत उद्या कुणी अनोळखी माणूस गादी टाकून कायमचा राहायला आला, आणि खोलीला दारच नाही, तर तू काय करशील? ती म्हणाली, "ओरडेन." मोठीने तेच केलं. समुद्रात हरलेला मासा निदान पळू शकतो. काचेच्या पेटीत पळायचं कुठे? मोठीचा स्वभाव तिच्या जन्माबरोबर आलाय. जागा किती द्यायची आणि कुणाला सोबत ठेवायचं, हे मात्र आपल्या हातात असतं. माझ्या मते या छंदातलं अर्धं शहाणपण एवढ्यातच आहे.

तेव्हा काही साधे नियम. क्लाऊनफिश एक ठेवा किंवा दोन, तिसरा नको. दोन आणायचे तर दोन्ही लहान आणि आकाराने वेगवेगळे आणा, म्हणजे कोण मोठं हे आधीच ठरलेलं असतं. दोन वेगवेगळ्या जातींचे क्लाऊन एका टाकीत घालू नका. गोबी किंवा ब्लेनीसारखे शांत सोबती ठेवायचे असतील तर ते आधी सोडा, भांडखोर पाहुणा सर्वांत शेवटी. तो आधी आला तर सगळी टाकी आपल्या नावावर करून घेतो. नंतर नवा मासा घालणं भागच असेल तर दगडांची मांडणी बदला, म्हणजे जुन्याची हद्द पुसली जाते. नवा मासा रात्री दिवे मालवून सोडा. सुरुवातीचे काही दिवस टाकीच्या एका बाजूला बाहेरून आरसा टेकवला तर जुना मासा आपल्याच प्रतिबिंबावर डाफरत बसतो आणि नव्याला उसंत मिळते.

पाणी आपलं, मीठ समुद्राचं

बुऱ्हाणपूरकरांना पाण्याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. १६१५ च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, सातपुड्यातून झिरपणारं पाणी भुयारांनी शहरात आणणारा कुंडी भंडारा इथे बांधला गेला. लिफ्टने खाली उतरून बघितलं असेल तर भिंतींवर जमलेले चुन्याचे पांढरट थर आठवत असतील. आपलं पाणी जड आहे ते असं. पिण्याला ते गोड लागतं, पण टाकीसाठी थेट नळाचं किंवा बोअरचं पाणी वापरू नका. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. शेतीच्या भागातल्या बोअरमध्ये खतांतून झिरपलेलं नायट्रेट असू शकतं. त्याने टाकीत शेवाळ माजतं.

म्हणून आरओचं पाणी घ्या. घरच्या आरओला बरेचदा टीडीएस कंट्रोलर असतो. तो चवीसाठी थोडं मूळ पाणी परत मिसळतो. तो बंद करून घ्या, आणि टीडीएस मीटरने बघा. आकडा शून्याच्या जितका जवळ तितकं उत्तम.

या पाण्यात स्वयंपाकाचं मीठ चालत नाही. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम असं बरंच काही असतं. त्यासाठी मत्स्यालयाचं तयार सागरी मीठ मिळतं, तेच वापरा. प्रमाण दर लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम, नेमकं पाकिटावर लिहिलेलं असतं. रिफ्रॅक्टोमीटरवर विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास यायला हवं. आदल्या दिवशी बादलीत कालवून छोट्या पंपाने फिरत ठेवलं की दुसऱ्या दिवशी तयार.

आमची टाकी अडीच फूट लांब, सव्वा फूट रुंद, सव्वा फूट उंच, म्हणजे सुमारे शंभर लिटरची. एका जोडीला एवढी पुरते. पाणी, काच, दगड मिळून वजन सव्वाशे किलोच्या पुढे जातं. जुन्या लाकडी माळ्याच्या घरांत ती खालीच ठेवलेली बरी.

टाकी भरली की लगेच मासा आणायचा नाही. माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. तो विषारी. एका प्रकारचे जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसऱ्या प्रकारचे त्याचं बऱ्याच कमी त्रासाचं नायट्रेट करतात. हे जीवाणू दगडांवर आणि फिल्टरमध्ये मुरायला चार ते सहा आठवडे लागतात. लोणचं मुरायला लागतं तसंच. चाचणीच्या किटमध्ये अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसले की मासा आणायचा. मग दर आठवड्याला दहा लिटर पाणी बदलायचं. काढलेलं खारं पाणी तुळशीला किंवा कुंड्यांना घालू नका, झाडं जळतील.

उन्हाळा आणि वीज

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४३-४४ ला जातो, आणि या माशाला हवं २५ ते २७ अंशांचं पाणी. चिलर महाग पडतो. आम्ही पाण्यावर वारा पडेल असे दोन छोटे पंखे लावतो. माठातलं पाणी ज्या कारणाने गार होतं, त्याच कारणाने टाकीतलंही होतं: थोडं पाणी उडून जातं आणि उरलेल्याची उष्णता घेऊन जातं. कडक उन्हाळ्यात खोलीत कूलर ठेवण्यापेक्षा एसी बरा, कारण कूलरने हवा दमट झाली की पाणी उडत नाही आणि पंख्यांचा उपयोग कमी होतो.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. पाणी उडतं, मीठ मागे राहतं. म्हणून रोजची भर साध्या आरओच्या पाण्याने घालायची, खाऱ्या पाण्याने नाही. काचेवर एक खूण करून ठेवा, पातळी खूण सोडून खाली गेली की भर घाला.

वीज गेली की पॉवरलूमवाल्यांचं काम थांबतं आणि आमच्या माशांचा श्वास अडतो. गरम आणि खाऱ्या पाण्यात प्राणवायू मुळातच कमी विरघळतो. पाणी हलवणारा पंप इन्व्हर्टरवर घ्या, किंवा निदान बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात असू द्या.

खाण्याचं सोपं आहे. दिवसातून दोनदा, मिनिटभरात संपेल एवढंच. आई माळकरी, मुक्ताईची वारी करणारी, त्यामुळे आमच्या फ्रीजमध्ये कोळंबीला प्रवेश नाही. कोरड्या बारीक दाण्यांवर आमची जोडी सहा वर्षं टुणटुणीत आहे. आठवड्यात एक दिवस काहीच घालत नाही. आई म्हणते, माशांचा गुरुवार.

मासा कुठला घ्यायचा

दुकानात विचारायचा पहिला प्रश्न: हा मासा समुद्रातून पकडलेला आहे की उबवणी केंद्रात वाढवलेला? परदेशात काही ठिकाणी प्रवाळातले मासे सायनाइड फवारून गुंगवून पकडले जातात. त्यात मासे मरतात आणि प्रवाळही. क्लाऊनफिशच्या बाबतीत याची गरजच उरलेली नाही, कारण घरच्या पाण्यात सहज पैदास होणाऱ्या मोजक्या सागरी माशांपैकी तो एक आहे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने मंडपम आणि विळिंजम इथे त्याच्या पैदाशीचं तंत्र बसवलंय. महाराष्ट्रात ऐरोलीला कांदळवन प्रतिष्ठानाने राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या मदतीने शोभिवंत सागरी माशांचं उबवणी केंद्र उभारलं, आणि तिथली पिल्लं वाढवण्याच्या कामातून किनाऱ्यावरच्या बायकांना चार पैसे मिळू लागले. असा मासा पिढ्यान् पिढ्या टाकीत वाढलेला असतो. तो दाणे लगेच खातो, प्रवास सोसतो, आणि त्याच्यासाठी समुद्रातलं कुणाचं घर मोडलेलं नसतं.

दुसरी गोष्ट, प्रवाळ. टाकीत रंगीत प्रवाळ हवेत असं सगळ्यांनाच वाटतं. पण २००१ पासून आपल्याकडे दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ आणि समुद्रपंखे वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंगतीला. भारतीय समुद्रातले प्रवाळ किंवा त्यांचे तुकडे कुणी स्वस्तात देऊ केले तर घेऊ नका. आमच्याकडे भाजलेल्या मातीचे आणि सिमेंटचे बनवलेले दगड आहेत. प्रवाळ बघायचेच असतील तर मालवणला जा, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पाण्याखाली ते आपल्या जागी बघायला मिळतात.

शेवटचा हिशेब

क्लाऊनफिश नीट सांभाळला तर दहा-पंधरा वर्षं सहज जगतो. म्हणजे मुलगी चौथीत असताना आणलेला मासा ती नोकरीला लागेपर्यंत घरात असणार. तुमच्यातले बरेच जण दोन-तीन वर्षांनी शहर बदलता, भाड्याची घरं बदलता. शंभर लिटरचा समुद्र दर वेळी टेम्पोत चढवता येत नाही, आणि आईवडिलांच्या गळ्यात टाकून परदेशी जाणंही बरं नाही. राहतं घर पक्कं झालेलं नसेल तर थोडं थांबा. तोवर मुंबई-पुण्याकडची मत्स्यालयं बघा, कुणाच्या तरी घरची टाकी महिनाभर सांभाळून बघा.

घर पक्कं असेल तर जरूर करा. गेल्या वर्षी आमच्या मादीने कुंडीच्या आतल्या बाजूला नारिंगी अंडी घातली. आठ दिवस तो छोटा नर त्यांना परांनी वारा घालत होता, खराब झालेली एकेक वेचून काढत होता. मादी बाहेर पहाऱ्यावर, कुणाला फिरकू देत नव्हती. त्या आठवड्यात तिने मला जितकं चावलं तितकं कधी चावली नसेल. एरवी टीव्हीसमोर बसणारी आई रोज संध्याकाळी टाकीसमोर खुर्ची टाकून बसायची, आणि नातवंडांना सांगायची, "हात घालू नका रे, बाळंतिणीची खोली आहे."

सुट्टीत बुऱ्हाणपूरला आलात तर इतवाऱ्यात या, टाकी बघा, रिफ्रॅक्टोमीटर हाताळून बघा. मादीला बोट दाखवायचं की नाही ते तुम्ही ठरवा. पुढच्या महिन्यात भेटू ते मांडे आणि दराब्याची गोष्ट घेऊन. तोवर प्रश्न पाठवत राहा.